पोटरीतला धोटा आणि दिघाशीची दुसरी भाकरी

शर्यत पूर्ण केल्याबद्दल माझं हार्दिक अभिनंदन करणारा फ्लेक्स कामतघरच्या नाक्यावर लागला, तेव्हा मी घरात पोहण्याचा चष्मा शोधत होतो. शर्यत दुसऱ्या दिवशी होती.

फ्लेक्स मात्र झकास. डोकं माझं, मानेखालचं सगळं कुठल्यातरी पैलवानाचं. गळ्यात ताटाएवढं मेडल. वर मोठ्या अक्षरांत ‘पोलादी पुरुष मिलिंदभाऊ यांचे अभिनंदन’, आणि खाली शुभेच्छुकांचे अकरा चेहरे, त्यातले तिघे गॉगल लावून.

“अरे बाळू, शर्यत उद्या आहे,” मी म्हटलं. बाळू म्हणजे आमच्या चाळीतल्या मंडळाचा अध्यक्ष. वाढदिवस असो, बदली असो, कुणाचं अपेंडिक्स काढलेलं असो, बाळूचा फ्लेक्स लागतोच.

“माहीत आहे भाऊ. पण उद्या रविवार. फ्लेक्सवाला बंद. तुम्ही येणार संध्याकाळी, तेव्हा काय कोरा कपडा दाखवू?”

“आणि नाही झाली पूर्ण तर?”

बाळू हसला. “भाऊ, मागच्या वर्षी नाही का केलीत?”

इथे मला खोकला आला. हा खोकला आमच्या वस्तीत प्रसिद्ध आहे. रविवारी विहारात आम्ही सगळे पंचशील म्हणतो, आणि चौथ्या शीलाला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या, मला हमखास ठसका लागतो. म्हातारी मंडळी त्यावरून ओळखतात की आता चौथं झालं, एकच उरलं.

खरं सांगायचं तर मागच्या वर्षी मी अशाच, आधी पोहा, मग सायकल, मग धावा अशा शर्यतीला समुद्राकाठच्या एका गावी गेलो होतो. सायकलच्या निम्म्यात दोन्ही पायांना असे गोळे आले की आयोजकांच्या गाडीत मला उचलून घालावं लागलं. घरी येताना मी गळ्यात एक मेडल घातलं. मेडल खरं होतं, फक्त ते स्वच्छता दौडीचं होतं, तीन किलोमीटरच्या. चाळीत मी त्या शर्यतीचं असं वर्णन केलं की दोन बायका रडल्या. माझी मुलगी प्रज्ञा अकरावीत आहे. तिने कॉलेजात सगळ्यांना सांगितलं. मग तिच्या वर्गातल्या कुणीतरी मोबाईलवर निकालाची यादी काढली आणि तिच्यापुढे धरली. माझ्या नावापुढे लिहिलेलं, ‘अपूर्ण’.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली, “पप्पा, तुमचं खरं कुठलं आणि रंगवलेलं कुठलं, ते मला आता कळतच नाही.” भांडली असती तर बरं झालं असतं. पोळी पुढे सरकवावी तशा आवाजात म्हणाली.

म्हणून मी यंदा पुन्हा नाव घातलं. आपल्याच तालुक्यात, अकलोलीला. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या बुटांच्या नाड्या ओवत होती. म्हणाली, “हरलात तरी चालेल. घरी येऊन जे झालं तेवढंच सांगायचं. जमेल?”

“जमेल,” मी म्हटलं. ठसका दाबला.

हे प्रवासवर्णनही आधी तिच्या हातून जाणार आहे, पेन्सिलीसकट. तेव्हा वाचकहो, काळजी नसावी.

आता मी कोण ते सांगतो. मी जॉबर आहे (म्हणजे यंत्रमागाचा डॉक्टर, माग बंद पडला की मला बोलावतात). बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे मला दोनच आवाजांत बोलता येतं, मोठा आणि फार मोठा. पोहायला मी वऱ्हाळा तलावात म्हशींच्या संगतीने शिकलो. सायकल तर ड्युटीवर जायला होतीच. धावणं मात्र पस्तिशीनंतर सुरू केलं, कारण डॉक्टरने माझी शुगर बघून स्वतःचाच चष्मा पुसला.

पहाटे शफीकभाईचा टेम्पो आला. शफीकभाई आमच्या कारखान्याचे कपड्याचे तागे पोचवतो. मूळचा उत्तरेकडचा, पण पंचवीस वर्षांत भिवंडीचा झालेला. माझी सायकल त्याने ताग्यांच्या मध्ये अशी निजवली, जशी नवरी पालखीत ठेवावी.

प्रज्ञाची आई दारात येऊन म्हणाली, “पाय तेवढे दोन्ही घरी आणा. बाकी काही नको.”

प्रज्ञा फळीवरच्या दोन बरण्या बघत उभी होती. “पप्पा, यातली तुमची पावडर कुठली? नाव लिहून देऊ का?”

आता या बरण्यांचं नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो. एका बरणीत होती माझी शर्यतीची क्षारांची पावडर. ती पाण्यात घालून पीत राहायची, म्हणजे घामातून गेलेलं मीठ भरून निघतं आणि गोळे येत नाहीत. दुसऱ्या बरणीत होता साइझिंगवाल्या मास्तरने दिलेला नव्या खळीचा नमुना. (माग चालताना सूत तुटू नये म्हणून ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ पाजतात. साइझिंग म्हणजे तो कारखाना.) ही खळ नवी होती, शिजवायची गरज नाही, गार पाण्यात कालवली की झाली. दोन्ही पावडरी पांढऱ्या. दोन्ही बरण्या लोणच्याच्या, एकाच दुकानातल्या.

“मला विचारतेस?” मी म्हटलं. “बावीस वर्षं खळ हाताळली. डोळे मिटून ओळखीन.”

आणि डोळे मिटून नव्हे, चांगले उघडे ठेवून मी चुकीची बरणी पिशवीत टाकली.

टेम्पोत शफीकभाईने खिशातून कागदाची पुडी काढली. “मास्टर, ये रखो. काला नमक. गर्मी में लूम पे जब पैर में गोला आता है ना, हम लोग यही चाटते हैं. दो मिनट में आदमी खड़ा.”

“शफीकभाई, आता सायन्स पुढे गेलंय,” मी त्याला समजावलं, आणि पुडी सीटखाली सरकवली.

नाका गेला, कारखाने मागे पडले, मग गोदामं लागली. आमच्या तालुक्यात आता इतकी गोदामं झाली आहेत की देशातली निम्मी चप्पल आणि सगळे मिक्सर रात्री आमच्याकडे झोपायला असतात. त्यानंतर वीटभट्ट्या, भाताची कापलेली शेतं, त्यात वालाचे वाळत चाललेले वेल. अंबाडी गावाच्या पुढे हवा एकदम गार लागली. मी म्हटलं, दिवस चांगला जाणार.

अकलोलीला तानसा नदी आहे आणि नदीकाठी गरम पाण्याची कुंडं. नदीच्या बंधाऱ्यात पोहायचं एकोणीसशे मीटर, मग सायकल नव्वद किलोमीटर, मग धावायचं एकवीस. सगळं मिळून साडेआठ तासांत. सुटायचं साडेसहाला, परतायचं दुपारी तीनच्या आत. तीन वाजून एक सेकंद झाला की तुम्ही यादीत पुन्हा ‘अपूर्ण’.

काठावर सगळे तयार. बहुतेकांच्या अंगाला असे कपडे चिकटलेले की जन्मापासून आहेत असं वाटावं. माझ्या शेजारी ठाण्याचा एक तरुण होता. त्याच्या सायकलचं वजन म्हणे माझ्या डब्यापेक्षा कमी. त्याने विचारलं, “काका, पहिल्यांदा?”

“दुसऱ्यांदा,” मी म्हटलं. मग प्रज्ञा आठवली. “म्हणजे, दीडदा.”

भोंगा वाजला. पाण्यात चारशे हातपाय एकदम सुटले. पहिल्या शंभर मीटरांत मला इतक्या लाथा बसल्या की कारखान्यातली जुनी भांडणं आठवली. पण मग गर्दी पांगली आणि मी एकटा पडलो, आणि इथे एक गोष्ट घडली. एक मासा माझ्या बाजूने पोहायला लागला. चांगला हातभर, मिशीवाला. मी डावीकडे भरकटलो की तो मला उजवीकडे ढकलायचा. शेवटच्या वळणाला त्याने माझ्याकडे पाहिलं, बहुतेक वेळ विचारली, आणि मागे फिरला. पन्नास मिनिटांत मी बाहेर. इतक्या लवकर मी आयुष्यात आंघोळही संपवलेली नाही.

सायकलचे तीन फेरे होते, अकलोली ते दिघाशीच्या पुढचा पूल आणि परत. पहिला फेरा म्हणजे वरातच. आठ वाजताचं ऊन, रस्ता गुळगुळीत, घराघरांतून माणसं बाहेर आलेली. एक म्हातारबाबा तंबाखू मळत ओरडले, “हळू रं! पडशीन!” एका वीटभट्टीवरच्या बाया हात थांबवून बघत होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, “बिच्चारे. बस चुकली वाट्टं.”

दुसऱ्या फेऱ्याला ऊन आलं. ऊन म्हणजे काय सांगू. होळीच्या आधीचं, कोवळं म्हणतात ते. एका कावळ्याने खांबावरून उडून शेजारच्या खांबाच्या सावलीत जाऊन बसणं पसंत केलं, आणि ती सावली बोटाएवढी होती. डांबर मऊ झालं. माझी स्वतःची सावली एका ट्रकखाली शिरली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही.

माझी योजना अशी होती की पहिल्या साठ किलोमीटरला साधं पाणी, आणि तिसऱ्या फेऱ्याला पावडर. कोरडी पावडर दोन बाटल्यांत आधीच भरून ठेवली होती. फेरा संपला, पाण्याच्या टेबलावर मी दोन्ही बाटल्या भरून घेतल्या, खळखळ हलवल्या, आणि निघालो. दोन किलोमीटरवर पहिला घोट घ्यायला बाटली तोंडाला लावली.

काही येईना. जोरात ओढलं. तरी नाही. मग दोन्ही हातांनी दाबली, सायकल चालवता चालवता, जे कुणी करू नये. तर बाटलीतून एक गोळा बाहेर आला. गोळा म्हणजे घट्ट, चिकट, पांढरा, आणि माझ्या टाळूला असा बसला, जसा दिवाळीत कंदिलाला कागद बसतो.

पहिल्या सेकंदाला कळलं. बावीस वर्षांचा अनुभव काय उगीच असतो? चवीवरून सांगितलं, खळ! आणि माल एक नंबर. ताणा याने जन्मात तुटणार नाही.

थुंकून तोंड साफ करायला चूळ हवी, आणि पाण्याच्या दोन्ही बाटल्यांत खळ. अर्धा फेरा मी ओठ चिकटलेल्या अवस्थेत काढला. ठाण्याचा तो तरुण शेजारून जाताना म्हणाला, “काका, ऑल ओके?” मी फक्त मान हलवली. चाळीत कुणाला हे पटणार नाही, पण मी पंधरा किलोमीटर गप्प होतो.

सायकल ठेवली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. धावायला तीन तास वीस मिनिटं. माझ्या चालीने पुरेसे. पण अंगावरचा घाम वाळून कपाळावर मिठाचे पट्टे उमटले होते. म्हणजे माझं सगळं मीठ बाहेर आणि खळ आत.

धावायचा रस्ता तोच, अकलोलीहून दिघाशी आणि परत. दिघाशीच्या टोकाला एका मुलीने माझ्या मनगटात लाल रबर अडकवलं, म्हणजे इथपर्यंत आल्याची खूण. मी विचारलं, “मिठाचं पाणी?” ती म्हणाली, “संपलंय काका. पुढच्या टेबलावर मिळेल. अडीच किलोमीटर.”

अडीच किलोमीटर! मी जेमतेम तीनशे पावलं गेलो असेन. गावाचं शेवटचं घर, अंगणात आंब्याचं झाड. तिथे माझ्या डाव्या पोटरीत धोटा शिरला.

मागावरचा धोटा ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, आणि आडवा धागा घेऊन मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो. तोच माझ्या पोटरीत इकडून तिकडे, तिकडून इकडे. पोटरीचं मांस वर चढून लिंबाएवढं झालं. मी तो पाय धरायला वाकलो, तर उजवी मांडी आकडली. ती सोडवायला गेलो, तर बरगडीखाली ओढलं. शेवटी मी त्या अंगणाच्या कडेला असा आडवा झालो की नेमका कुठला अवयव कुणाच्या ताब्यात आहे ते मलाच कळेना. आणि ओरडलो. माझा फार मोठा आवाज होता तो.

झाडाखाली एक आजी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. नुसतं बघितलं.

“काय झाला रं?”

“गोळा... गोळा आलाय आजी!”

“त्ये दिसतंय. कुनाच्या मागं लागलावतास?”

“कुणाच्या नाही. शर्यत आहे.”

“मंग पुढं कोन हाय?”

“सगळे पुढे गेले.”

“आनि मागं?”

मी मान वळवून बघितलं. “कोणी न्हाय,” मी तिच्याच भाषेत बोललो. वेदनेत माणूस खरं बोलतो.

“मंग आता पलून काय करतंस? नीज हितंच.”

पण सूप ठेवून ती उठली. आत गेली, आणि आली ती चिनी मातीची बरणी घेऊन. तिने माझ्या पोटरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पेल्यात बरणी तिरकी केली. लालसर, दाट पाणी पडलं, तळाशी मोहरीची डाळ.

“ह्यो खार पी. कैरीचा. गेल्या सालाचा हाय. एका दमात. चावू नको, थुकू नको.”

बरणी बघूनच माझा धीर सुटला होता, कारण सकाळपासून बरण्यांशी माझं जमत नव्हतं. पण प्यालो. डोळ्यांतून, कानांतून, आणि शपथेवर सांगतो, बुटांतून वाफ निघाली. मी आ वासून श्वास घेत होतो आणि तेवढ्यात पोटरी सैल पडली. कुणी बटण खाली करून माग बंद करावा तशी. मग मांडी. मग बरगडी.

“आजी, हे काय आहे? जादू?”

“मीठ हाय,” ती म्हणाली. “आमी लावनीला चिखलात वाकतांव, पायाला गोलं यत्यात. मंग सासू खार द्यायची. आता सासू न्हाय, मीच सासू हाय.”

मी उठलो. पाय लटपटत होते, पण माझेच होते. घड्याळात एक वीस. सव्वादहा किलोमीटर, शंभर मिनिटं. जमणार होतं. निघायलाच हवं होतं.

“काय खाल्लास का?” आजी म्हणाली.

“केळं.”

“क्याला काय खानं हाय?” तिने आतून ताट आणलं. तांदळाची भाकरी, अजून ऊन. वर सुका जवळा, कांद्यात परतलेला.

एक भाकरी मी उभ्याने खाल्ली. ती औषध होती, हे मी कुठल्याही कोर्टात सांगीन. पोटात काही नव्हतं, पुढे उन्हात दीड तास काढायचा होता. मग आजीने दुसरी टाकली आणि म्हणाली, “बस की जरा. ऊन बग कसला हाय.”

आणि मी बसलो.

आंब्याच्या सावलीत वारा होता. मोहर गळून बारीक कैऱ्या धरल्या होत्या. आजी वाल सोलत तिच्या मुलाचं सांगत होती, गोदामात हमाली करतो, गाडी वेळेवर लागली न्हाय तर रात्री येतच न्हाय. मी हो हो करत होतो. दुसरी भाकरी मी फार प्रेमाने खाल्ली. कडेचा पापुद्रा आधी, मग मधला मऊ भाग. जवळ्याचा शेवटचा कण बोटाने टिपला. आयुष्यात इतका सुखी मी क्वचितच झालोय.

निघताना तिने एका छोट्या बाटलीत खार भरून दिला. मी पाया पडलो. ती म्हणाली, “जा आता. आनि बाटली आनून दी.”

परतीच्या रस्त्याची हकिकत लांबवत नाही. मी पळालो. दर दोन किलोमीटरला पोटरी कुरबुर करायची, मी एक घोट खार घ्यायचो, ती गप्प बसायची. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. ती सावली शोधणारा कावळाही एव्हाना घरी गेला होता.

शेवटचे तीन किलोमीटर राहिले तेव्हा दोन चाळीस झाले होते. एवढ्यात मागून हॉर्न. शफीकभाई! मला न्यायला लवकर निघाला होता.

“अरे मास्टर! क्या हालत बना ली!” त्याने टेम्पो माझ्या चालीने चालवायला घेतला. “बैठो पीछे. ताग्यांवर झोपा. दो किलोमीटर आगे छोड़ देता हूँ, वळणाच्या अलीकडे. कौन देखता है?”

मी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. वीस मिनिटं आणि तीन किलोमीटर. माझ्या पायांचा हिशेब मला कळत होता. वेळेत पोचणं अवघड होतं. आणि टेम्पोत बसलो, तर दहा मिनिटं हातात ठेवून, हात उंचावून, हसत पोचणार. नाक्यावरचा फ्लेक्स खरा. यादी खरी. प्रज्ञाच्या वर्गातला तो मोबाईलवाला गप्प.

वाचकहो, मी थांबलो. टेम्पोच्या फळीला हात लावला. आणि एक पाय वर टाकला. हे मी प्रज्ञाला आधीच सांगितलंय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. एक पाय वर होता, आणि माझं लक्ष बुटाकडे गेलं. नाडी तिने ओवलेली, टोकाला दुहेरी गाठ, लहानपणी मीच तिला शिकवलेली.

मी पाय खाली घेतला. घेताना गोळा आला, अर्थातच. उरलेला खार तिथेच संपवला.

“शफीकभाई, तुम चलो. मी येतो.”

“टाइम निकल जाएगा मास्टर.”

“निकलने दो.”

तो पुढे गेला नाही. माझ्या बाजूने, बैलगाडीच्या वेगाने, टेम्पो असा चालवत राहिला की ताग्यांची सावली माझ्या अर्ध्या अंगावर पडावी. सावली घेणं नियमात बसतं की नाही, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

अकलोलीला पोचलो तेव्हा कमानीतली हवा काढणं चालू होतं. कमान माझ्यासमोर वाकत वाकत खाली बसली, अगदी मला नमस्कार केल्यासारखी. एक बाई टेबल आवरत होत्या. त्यांनी घड्याळ दाखवलं. तीन वाजून चार मिनिटं.

“सॉरी सर. थोडक्यात गेलं हो.” त्यांचा आवाज खरंच वाईट वाटल्याचा होता.

“मेडलं... उरली असतील ना काही?”

“उरलीत. पण—”

“नाही नाही. बघायला मागत होतो.”

त्यांनी एक केळं दिलं. मी घेतलं. आजीचं मत तेव्हा पटलं.

शफीकभाईने मला गरम कुंडांवर नेलं. पंचवीस पिढ्यांचे सांधे त्या पाण्याने सुटले आहेत म्हणे. काठावर बसून मी पाय सोडले आणि तसेच बाहेर काढले, कारण त्या दिवशी माझ्यात आणखी उष्णता घालायला जागाच शिल्लक नव्हती. शेजारी एक आजोबा गळ्यापर्यंत बुडून आरामात बसले होते. म्हणाले, “उन्हातून आलात का?” मी म्हटलं, “नाही, उन्हातच राहतो.”

परत येताना शफीकभाई रमतगमत टेम्पो हाकत होता. गोदामं सुरू झाली तेव्हा म्हणाला, “मास्टर, मोहल्ले में क्या बोलोगे? मेरी तरफ से तो आप टाइम पे आए.”

खरं तर माझ्याकडे गोष्ट तयार होती. अंबाडीपासून मी तीच रचत होतो. ठाण्याचा तो हलक्या सायकलवाला तरुण रस्त्यात गोळे येऊन तडफडतोय, सगळे त्याला ओलांडून जातात, मी एकटा थांबतो, माझ्या वाटणीचा खार त्याला पाजतो, आणि चार मिनिटांनी माझी शर्यत हुकते. काय गोष्ट होती! अर्धी चाळ रडली असती. यादीही तिच्याशी जुळत होती. कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. तो तरुण एव्हाना घरी पोचून झोपलाही असेल.

नाक्यावर मंडळ उभं होतं. फ्लेक्सला झेंडूची माळ. बाळूच्या हातात हार, दुसऱ्या हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. मी टेम्पोतून उतरलो, म्हणजे मला उतरवलं. प्रज्ञा समोरच आमच्या चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती. खाली आली नव्हती. कठड्याला धरून नुसती बघत होती.

“पोलादी पुरुष मिलिंदभाऊंचा...” बाळूने सुरुवात केली.

“थांब बाळू,” मी म्हटलं. मोठ्याच आवाजात, दुसरा नाही माझ्याकडे. “वेळेत नाही झालं. चार मिनिटांनी हुकलं. आणि मागच्या वर्षीचंही झालं नव्हतं. निम्म्यातून गाडीत घालून आणलं होतं मला. ते मेडल स्वच्छता दौडीचं.”

सगळं गप्प. फक्त मागांचा खडखडाट, तो आमच्याकडे शांततेतच धरतात. बाळूच्या हातातला हार तसाच तरंगत राहिला.

“म्हणजे,” तो म्हणाला, “यंदा पळालात की नाही शेवटपर्यंत?”

“पळालो.”

“मग चार मिनिटांचं काय घेऊन बसलात भाऊ? आपल्याकडे नळाला पाणी चार तास उशिरा येतं, तरी आपण पाणी आलं असंच म्हणतो ना?” आणि त्याने हार माझ्या गळ्यात घातला. लोक हसले. शफीकभाईने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

पण मी वर बघत होतो.

“पप्पा,” प्रज्ञाने गॅलरीतून विचारलं, “चार मिनिटं गेली कुठे?”

ठाण्याचा तरुण माझ्या जिभेवर येऊन उभा राहिला. तडफडत, हात पसरून. मी त्याला गिळला. खळीपेक्षा जड गेला.

“दुसऱ्या भाकरीत,” मी म्हटलं. “दिघाशीला एका आजीने वाढली. पहिलीची गरज होती. दुसरी मी बसून खाल्ली.”

ती कठड्यावरून वाकली. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती. मग तिचे ओठ हलले.

“सोबत काय होतं?”

“सुका जवळा.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि जिना उतरून खाली आली.

फ्लेक्स अजून नाक्यावर आहे. पैलवानाच्या छातीवर प्रज्ञाने कागदाची पट्टी चिकटवली आहे, ‘चार मिनिटे उशिरा’. पट्टी बरणीतल्या उरलेल्या खळीने लावली. वारं आलं, गाड्यांची धूळ बसली, पण एक कोपरा उचकटलेला नाही. साइझिंगवाल्या मास्तरला मी माझा अभिप्राय कळवला.

पुढच्या रविवारी विहारात चौथं शील आलं तेव्हा आजूबाजूची माणसं थोडी थांबली, माझ्या ठसक्यासाठी. तो आला नाही. काही म्हाताऱ्यांचा हिशेब चुकला म्हणे.

दुपारी आम्ही दोघं दिघाशीला जाऊन आजीची बाटली देऊन आलो. प्रज्ञानेही दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिला कुठे जायची घाई नव्हती.

आणि परवा हे लिखाण तिच्याकडे दिलं. तिने पेन्सिलीने वाचलं. कावळ्याची सावली खोडली होती, मी हट्टाने परत घातली. बुटांतल्या वाफेखाली तिने तीन रेघा मारल्या. पंचवीस पिढ्यांपुढे प्रश्नचिन्ह आहे. तानसेतल्या त्या माशापाशी ती बराच वेळ थांबली. हातभर, मिशीवाला, मला उजवीकडे ढकलणारा. मी स्वयंपाकघरातून बघत होतो. पेन्सिल कागदावर टेकली, उचलली, पुन्हा टेकली.

माशाला तिने हात लावला नाही. बाजूला समासात बारीक अक्षरात लिहिलंय, “असेल.”